व्हेपचे द्रावण मापाने नव्हे, वजनाने
भारतात २०१९च्या कायद्याने ई-सिगारेटचे, म्हणजेच व्हेपचे, उत्पादन व विक्री बंद आहे; ही निकोटिनविरहित कृती ब्रिटनसारख्या देशांत आधीपासून व्हेप वापरणाऱ्या प्रौढांसाठी आहे.

ग्लिसरीन मधासारखे दाट असल्याने सिरिंजच्या आतल्या बाजूला चिकटून राहते आणि मिलिलिटरचे माप दर वेळी थोडे चुकते. बाटलीच काट्यावर ठेवली, तर जे पडले तेच मोजले जाते. एक मिलिलिटर ग्लिसरीन सुमारे १.२६ ग्रॅम भरते, तर द्रावणातला दुसरा, पातळ घटक प्रॉपिलीन ग्लायकॉल १.०४ ग्रॅम. म्हणून ३० मिलिलिटरसाठी (स्वाद ३, ग्लायकॉल ६ आणि ग्लिसरीन २१ मिलिलिटर) आधी ग्लायकॉलमध्ये विरघळवलेला स्वाद ३.१ ग्रॅम, मग ग्लायकॉल ६.२ आणि शेवटी ग्लिसरीन २६.५ ग्रॅम घालावे व प्रत्येक घटकानंतर काटा शून्यावर आणावा. तेलातला इसेन्स मात्र कधीही वापरू नये, कारण श्वासातून गेलेले तेल फुफ्फुसांना इजा करते.