हिशेबनीस ठेवण्याआधी दुकानाचे कागद कसे लावावेत

मी काही लहान दुकानांच्या वह्या लिहितो. नवीन काम आलं की पहिल्या दिवशी बहुतेक ठिकाणी गल्ल्याखालून एक कॅरीबॅग निघते आणि मालक म्हणतो, "सगळं यात आहे." खरंच सगळं असतं, अगदी मुलीच्या शाळेच्या फीची पावतीसुद्धा. फक्त कोणते पैसे कशाचे, हे कुठेच लिहिलेलं नसतं.

ते मालकालाच ठाऊक असतं. टॅलीत (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) आकडे टाकायला पगारावर माणूस मिळतो, पण मे महिन्यात साडेआठ हजार कुणाला आणि का दिले, हे त्याला कुठून कळणार? म्हणून पुढची तयारी माणूस ठेवण्याआधी स्वतः करा. दोन-तीन रविवार जातील.

सुरुवात १ एप्रिलपासून. जुनी वर्षं उकरत बसू नका. मागच्या वर्षीचा ताळेबंद झाला असेल तर तो आणि भरलेलं रिटर्न सीएकडून मागून घ्या. त्यातली ३१ मार्चची शिल्लक तीच यंदाची सुरुवातीची शिल्लक.

मग बँकेचं स्टेटमेंट. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. धंद्याचे पैसे ज्या ज्या खात्यातून फिरतात, त्या सगळ्या खात्यांची स्टेटमेंट काढा. बचत खात्यावर क्यूआर लावला असेल तर तेही. पीडीएफ ठेवाच, पण एक्सेलमध्येही उतरवून घ्या आणि शेवटी एक रकाना वाढवा: 'कशाचे'.

एका हार्डवेअरच्या दुकानात मालकाला शेजारी बसवून असा रकाना भरून घेतला होता. साधारण अशा ओळी होत्या (नावे म्हणजे खात्यातून गेले, जमा म्हणजे आले):

८,५०० नावे: टेम्पोवाल्याचं एप्रिलचं भाडं.
२५,००० नावे, एटीएम: घरी वॉशिंग मशीन घेतलं.
१४,२३७ जमा: क्यूआरवरची कालची विक्री.
११,६४० नावे: कर्जाचा हप्ता.
५०,००० जमा: मेहुण्याकडून हातउसने.

पहिली ओळ धंद्याचा खर्च. दुसरी मालकाची उचल, ती खर्चात जात नाही. तिसरी विक्री खरी, पण ती वीस-पंचवीस गिऱ्हाइकांची मिळून एक रक्कम आहे. बिलबुकात ती विक्री आधीच आली असेल तर इथे पुन्हा धरायची नाही, नाहीतर एकच माल दोनदा विकल्यासारखं होतं. चौथ्या ओळीत लोक हमखास चुकतात. हप्त्यातलं व्याज तेवढं खर्च, मुद्दल म्हणजे नुसती परतफेड. म्हणून बँकेकडून कर्जखात्याचा उतारा वेगळा घ्या, त्यात दोन्ही वेगळं दिलेलं असतं. आणि पाचवी ओळ कोऱ्या रकान्यासह गेली असती तर विक्री म्हणून धरली जाण्याची शक्यता होती. मेहुण्याच्या पैशावर कर कशाला भरायचा?

जे आठवत नाही त्यापुढे प्रश्नचिन्ह टाका. अंदाजाने काही भरू नका.

खरेदीची बिलं महिन्यावार लावा. पक्कं बिल एका गठ्ठ्यात, कच्च्या चिठ्ठ्या दुसऱ्यात. थर्मल कागदाची बिलं काही महिन्यांत कोरी होतात, तेव्हा माल आला त्याच दिवशी फोटो काढा. जीएसटीची वजावट (खरेदीवर दिलेला जीएसटी आपल्या भरायच्या करातून वजा करणं) घेत असाल तर बिलावर तुमचा जीएसटी नंबर बरोबर छापलाय का ते बघा. व्यापाऱ्याने ते बिल त्याच्या रिटर्नमध्ये दाखवलं नाही तर ते तुमच्या जीएसटीआर-२बी मध्ये (पोर्टलवर आपोआप बनणाऱ्या खरेदीच्या यादीत) येत नाही आणि वजावट अडकते. कंपोझिशनमध्ये (लहान व्यापाऱ्यांसाठी ठोक दराने जीएसटी भरायची योजना) असाल तर वजावटीचा प्रश्नच नाही, बिलं मात्र तरीही लागतात.

एकाच माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांच्या वर रोख दिली असेल तर तो कागद बाजूला काढा. प्राप्तिकरात असा खर्च सहसा धरत नाहीत (मालवाहतूकदाराला ही मर्यादा ३५,००० आहे). हे हिशेबनिसाला आधीच सांगितलेलं बरं.

उधारी. येणं आणि देणं, दोन्हींची यादी एका ठरावीक तारखेची करा: नाव, रक्कम, कधीपासून. ज्यांच्याकडून माल घेता त्यांच्याकडून खातेउतारा मागवा आणि आपल्या वहीशी ताडून बघा. फरक निघतोच, कधी परत पाठवलेल्या मालाचा, कधी न पोचलेल्या चेकचा. तो मिटवायला तुमची ओळख लागते, नव्या माणसाचा फोन कोण घेणार?

माल एका रात्री शटर ओढून मोजा. किंमत खरेदीची लावा, विक्रीची नाही. जो माल आता खरेदीच्या भावातही जाणार नाही, त्याची यादी वेगळी.

रोख. आजपासून एक छोटी वही घाला: सकाळची शिल्लक, आले, गेले, रात्रीची शिल्लक. मागच्या तारखांची रोजकीर्द आठवून आठवून लिहू नका. एका बैठकीत लिहिलेली वही एका शाईची दिसते आणि पाहणाऱ्याला ते लगेच कळतं.

उरलेलं एका फायलीत: पॅन, जीएसटी सर्टिफिकेट, शॉप अ‍ॅक्ट, उद्यम (लघुउद्योगाची नोंदणी), भाडेकरार, कामगारांचे पगार आणि त्यांनी घेतलेल्या उचली, व्यवसाय कर भरल्याची चलनं. जीएसटीच्या वह्या आणि कागद वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात, तेव्हा फाईल जरा जाड पुठ्ठ्याचीच घ्या.

माणूस कधी बोलवायचा? जीएसटीचं महिन्याचं रिटर्न असेल तर ११ आणि २० या मुदतीच्या तारखांच्या आसपास नको. १८ तारखेला आलेला माणूस वही लावत नाही, आग विझवतो. २२ नंतर बोलवा आणि पहिल्या दिवशी दोन तास त्याच्यासोबत बसा. प्रश्नचिन्हं तिथेच सुटतील.

बँकेचा पासवर्ड द्यायचा नाही, स्टेटमेंट द्यायचं. आणि तो यायच्या आधी जीएसटी पोर्टलवर मोबाईल आणि ईमेल कुणाचा नोंदलाय ते तपासा. पुष्कळदा तो आधीच्या सल्लागाराचा निघतो, म्हणजे ओटीपी त्याच्याकडे जातो. लॉगिन हातात असेल तर नोंदणीतल्या दुरुस्तीतून तो बदलता येतो. लॉगिनच नसेल तर कागदपत्रं घेऊन तुमच्या भागाच्या जीएसटी अधिकाऱ्याकडे अर्ज करा, ते बदलून देतात. नवा नंबर टाकताना तो तुमचाच टाका, नव्या हिशेबनिसाचा नको.