अपघातात सायकलची फ्रेम वाकली, तर हातोडी उचलण्याआधी काय बघायचं

ऊसतोडीच्या हंगामात बीड, परभणी, लातूरकडच्या रस्त्यांवर एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात. त्यांना वाट देताना सायकल साईडपट्टीवरून घसरते आणि चारीत जाते. पडलेली पोरगी उठते, पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरते, हँडल फिरवून सरळ करते आणि शाळा गाठते. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना मिळालेल्या कितीतरी सायकली अशाच पुढे चालवल्या जातात. नुसतं हँडल फिरलं असेल तर काही बिघडत नाही, बोल्ट आवळला की काम झालं. पण दणका फ्रेमने खाल्ला असेल, तर तो हँडल सरळ करून जात नाही. म्हणून घरच्यांनी त्याच संध्याकाळी अर्धा तास काढून सायकल नीट तपासावी.

वाहनाची धडक असेल तर सायकल हलवण्याआधी आहे त्या जागी फोटो काढा. गाडीचा नंबर त्यात यायला हवा. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे रस्त्यावरच्या वाहनाला तृतीय पक्ष विमा असावाच लागतो आणि त्यात दुसऱ्याच्या वस्तूचं नुकसानही धरलेलं असतं. कुणाला लागलं असेल तर पोलिसांत नोंद आणि पंचनामा होईपर्यंत सायकल दुरुस्तीला टाकू नका. ठोकून सरळ केलेल्या फ्रेमवरून धडक कशी बसली ते कुणालाच सांगता येत नाही. पायडलच्या कपाखाली, म्हणजे दोन्ही पायडलच्या मधल्या आडव्या नळीखाली, बहुधा ठोकलेला फ्रेम नंबर असतो, तोही लिहून ठेवा.

धातू ओळखा

पुढचा सगळा निर्णय यावर आहे. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक दांडीला लावा. घट्ट चिकटलं तर फ्रेम लोखंडी, म्हणजे स्टीलची. चिकटलं नाही आणि नळ्या जाडजूड असतील तर बहुधा अ‍ॅल्युमिनियम. गिअरच्या बऱ्याच सायकली अ‍ॅल्युमिनियमच्या असतात. महागड्या रेसिंग सायकलीत कार्बनही असतं.

कुठे बघायचं

समोरून धडक बसली की सगळा जोर हँडलखालच्या उभ्या नळीवर येतो. त्या नळीच्या मागे, वरची दांडी आणि खालची तिरपी दांडी जिथे सुरू होते, तिथून दोन-तीन बोटं अंतरात दोन्ही नळ्यांच्या खालच्या बाजूने बोट फिरवा. तिथे फुगीर वळी लागली किंवा रंगाला आडव्या बारीक भेगा दिसल्या, तर फ्रेम वाकली आहे. वरून बघणाऱ्याला हे दिसत नाही, कारण वळी खालून पडते.

रंगाची भेग आणि लोखंडाची भेग यातला फरक घरीच कळतो. जागा चिंधीने स्वच्छ करा, रॉकेल किंवा पातळ तेल लावून दहा-पंधरा मिनिटं थांबा. मग पार कोरडं पुसा आणि फळ्यावरच्या खडूची भुकटी चोळा. भेग खरी असेल तर आत शिरलेलं तेल थोड्या वेळाने बाहेर झिरपतं आणि पांढऱ्या भुकटीवर काळपट रेघ उमटते. अगदी केसाएवढी भेगही अशी पकडता येते. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये पूर्वी भेगा शोधायला तेल आणि खडूचीच पद्धत होती. सगळे सांधे असे तपासा, विशेषतः पायडलच्या कपाभोवतीचे.

यानंतर दोरी. मागचं चाक काढा. मागच्या चाकाचा एक्सल ज्या दोन खाचांत बसतो, त्यातल्या एका खाचेला सुतळी बांधून ती पुढे न्या, हँडलखालच्या नळीला वळसा घाला आणि दुसऱ्या खाचेला आणून ताणून बांधा. आता सीटखालच्या उभ्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या सुतळीचं अंतर पट्टीने मोजा. एक-दोन मिलिमीटरचा फरक साध्या सायकलीत नवी असतानाही निघतो. चार-पाच मिलिमीटर निघाला तर मागचा भाग एका बाजूला सरकला आहे.

शेवटी चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क. सायकल बाजूने बघा. हँडलखालची नळी आणि चिमट्याचा वरचा भाग एका सरळ रेषेत असतो, बाक येतो तो खालच्या टोकाकडे. दणक्याने चिमटा मागे गेला की चाक तिरप्या दांडीच्या जवळ येतं आणि वळताना मडगार्ड बुटाला घासायला लागतं. वाकलेला चिमटा सरळ करून देतो असं कुणी म्हणालं तरी करू नका, नवा टाका. चालत्या सायकलीत तो तुटला तर माणूस तोंडावर पडतो, सावरायला वेळच मिळत नाही. सगळ्या सायकलीत मी कशावर अडून बसेन तर यावर.

लोखंडी फ्रेम असेल तर

नळीच्या मधोमध गुळगुळीत पोचा पडला असेल आणि त्याला धारदार घडी नसेल, तर तसाच राहू द्या. तो ठोकून काढायच्या नादात नळी जास्त कमजोर होते. मागचा भाग चार-पाच मिलिमीटर सरकला असेल तर हुशार मिस्त्री थंड अवस्थेतच तो हाताने दाबून जागेवर आणतो. लोखंड एवढं सहन करतं. त्यासाठी गॅसवर तापवू देऊ नका.

सांधा उकलला असेल किंवा भेग गेली असेल, तर खरी दुरुस्ती इथे आहे आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात. फाट्यावरच्या वेल्डिंगच्या दुकानात फाटकं-खिडक्या जोडायला ३.१५ मिलिमीटरचा रॉड चालतो. सायकलची नळी जेमतेम दीड मिलिमीटर जाडीची, कधी त्याहून पातळ. त्या आर्कने नळीला भोक पडतं, मग ते भोक भरायला आणखी रॉड, असा गोळा होतो. वरून भक्कम दिसतं, पण गोळ्याच्या कडेला नळी जळून पातळ झालेली असते आणि महिना-दोन महिन्यांत बरोबर तिथेच तुटते. काळ्या साध्या सायकलींचे सांधे मुळात पितळेनेच झाळलेले असतात. पितळ साधारण ९०० अंशांच्या आसपास वितळतं, लोखंड १५०० च्या जवळ, म्हणून पितळ मारताना नळीचं लोखंड वितळत नाही. तेव्हा मिस्त्रीला स्पष्ट सांगा, “आर्क नको, गॅसवर पितळ मारा.”

काम देताना एवढं पाहा: त्या भागातले छर्रे, ग्रीस, प्लास्टिक आधी काढलेलं हवं. रंग घासून चकचकीत धातू दिसायला हवा, नाहीतर पितळ धरत नाही. भेग नळीत असेल तर तिच्या दोन्ही टोकांना तीन मिलिमीटरचं छोटं भोक पाडून घ्यायचं, म्हणजे ती पुढे सरकत नाही. सुहागा लावून पितळ मारलं की सांध्याला हवेवर सावकाश थंड होऊ द्यायचं. पाणी ओतायचं नाही.

पुढच्या भागात वळी पडली असेल तर मात्र फ्रेमच बदला. तिथलं लोखंड एकदा दुमडलं आहे, ते सरळ केलं की त्याच घडीवर चिरतं. साध्या सायकलीला नळी बदलण्यापेक्षा दुसरी फ्रेम परवडते. भंगारवाल्याकडची घेणार असाल तर रॉकेल-खडू आणि सुतळी सोबत न्या.

अ‍ॅल्युमिनियम आणि कार्बन

अ‍ॅल्युमिनियम वाकवून सरळ करायचं नसतं, ते आतून चिरतं. वाळूज, चिकलठाण्याच्या एमआयडीसीत टिग वेल्डिंग करून मिळेल, पण तेवढ्याने भागत नाही. ६०६१ जातीच्या अ‍ॅल्युमिनियमची ताकद भट्टीतल्या प्रक्रियेतून आलेली असते. वेल्डिंगच्या उष्णतेने ती उतरते, आणि परत आणायची तर अख्खी फ्रेम सुमारे ५३० अंशांना तापवून, झटकन थंड करून, पुन्हा काही तास मंद आचेवर ठेवावी लागते. एका सायकलसाठी हे कुणी करत नाही. भेग दिसली की ती फ्रेम रस्त्यावरून काढा. एकच दिलासा आहे: गिअर लटकतो तो मागचा छोटा हँगर बहुतेक सायकलींत सुटा असतो. फ्रेम वाचावी म्हणून तो आधी वाकतो किंवा तुटतो, आणि वेगळा विकत मिळतो.

कार्बनवर नाण्याने टकटक करा. चांगल्या जागी आवाज खणखणीत येतो, आत थर सुटले असतील तर बद्द. शंका आली तरी चालवू नका, कार्बनचं काम जाणणाऱ्यालाच दाखवा.

पुन्हा रस्त्यावर काढताना

दुरुस्तीनंतर दोन्ही टायर ओले करून कोरड्या फरशीवर किंवा डांबरावर सायकल सरळ ढकलत न्या. पुढच्या-मागच्या चाकाच्या खुणा एकावर एक आल्या पाहिजेत. शेजारी-शेजारी उमटल्या तर आधी चाकांचं आऊट, म्हणजे डगमग, काढून घ्या, मागचं चाक खाचेत सरळ बसलंय ना ते पाहा, आणि तरीही तसंच राहिलं तर दोष फ्रेममध्ये आहे.

झाळलेल्या जागेला त्याच दिवशी रेड ऑक्साइड आणि वर ऑइलपेंट लावा. पहिले काही दिवस कॅरिअरवर डबलसीट किंवा पोतं नको. पंधरा दिवसांनी आणि पुन्हा पावसाळ्याआधी सांध्याच्या कडेला रंग तडकला आहे का ते बघा. तडकलेला दिसला तर तेवढाच रंग खरवडून तेल-खडू परत लावा. रेघ उमटली तर सायकल घरी ठेवा आणि पोरीला तोवर एसटीने पाठवा.