रक्ताच्या मूळपेशींचे कल्चर: या चुका टाळा

आठवडाभरात प्लेट पेशींनी गच्च भरली की कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत पेशी वाढवणे, जमले असे वाटते. रक्तजनक मूळपेशींच्या बाबतीत इथेच फसगत होते. सायटोकाइन (वाढीचे संकेत देणारी प्रथिने) घातलेल्या मीडियममध्ये, म्हणजे पोषक द्रवात, पेशी भराभर वाढतात खऱ्या, पण त्यातल्या बहुतेक प्रोजेनिटर, म्हणजे मूळपेशींपासून बनलेल्या अल्पजीवी पुढच्या टप्प्यातल्या पेशी, झालेल्या असतात. आयुष्यभर रक्त पुरवू शकणाऱ्या मूळपेशी त्याच वेळी घटत असू शकतात. तेव्हा नुसती एकूण मोजणी वहीत मांडून खूश होऊ नका.

मानवी पेशींच्या पृष्ठभागावर सीडी34 हे प्रथिन आहे आणि सीडी38 नाही, एवढ्या खुणेवरही विसंबू नका. कल्चरमध्ये सीडी38 चे प्रमाण आपोआप उतरते आणि साध्या प्रोजेनिटरही मूळपेशींच्या गेटमध्ये (खुणांवरून पेशी वेगळ्या मोजण्यासाठी आखलेल्या चौकटीत) येऊन बसतात. सोबत सीडी90 आणि ईपीसीआर या पृष्ठभागावरच्या आणखी दोन खुणा तपासा. खरा कस लागतो तो उंदरातल्या प्रत्यारोपणात, तोही निदान 16 आठवडे थांबून.

सगळ्यात जास्त नुकसान होते ते ऑक्सिजनने, आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. अस्थिमज्जेत ऑक्सिजन साधारण 1 ते 4 टक्के असतो, बाहेरच्या हवेत 21. इंडियाना विद्यापीठातल्या हॅल ब्रॉक्समायर यांच्या गटाने 2015 मध्ये दाखवले की पेशी 3 टक्के ऑक्सिजनमध्येच काढल्या आणि हाताळल्या, तर काही पट जास्त मूळपेशी हाती लागतात. हवेचा फटका काही मिनिटांतच बसतो. मग हूडमध्ये (निर्जंतुक हवेच्या कामाच्या कपाटात) तासभर उघड्यावर काम करून प्लेट महागड्या हायपॉक्सिया इनक्युबेटरमध्ये, म्हणजे कमी ऑक्सिजनच्या उबवणी यंत्रात, ठेवल्याने काय साधणार? मीडियमसुद्धा फ्रीजमधून काढून थेट ओतू नका. त्यात हवेतला ऑक्सिजन विरघळलेला असतो. आदल्या रात्री ते त्याच इनक्युबेटरमध्ये, झाकण सैल करून ठेवा.

गेल्या महिन्यात चाललेला प्रयोग या महिन्यात फसला, तर आधी मीडियममध्ये घातलेल्या अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाचा लॉट (उत्पादनाची खेप) बघा. त्यातली अशुद्धी लॉटगणिक बदलते. 2019 मध्ये अल्ब्युमिनऐवजी पॉलिव्हिनाइल अल्कोहोल हे कृत्रिम पॉलिमर वापरून उंदराच्या मूळपेशी महिनाभरात 236 ते 899 पट वाढवल्या गेल्या. मात्र ती कृती मानवी पेशींवर जशीच्या तशी चालत नाही.

गर्दीही होऊ देऊ नका. परिपक्व पेशी टीजीएफ-बीटा या प्रथिनासारखे, मूळपेशींची वाढ रोखणारे संकेत सोडतात, म्हणून ताजे मीडियम वेळेवर घाला. आणि त्याच दात्याच्या, कल्चर न केलेल्या थोड्या पेशी पहिल्याच दिवशी गोठवून ठेवा. त्या नसतील तर तुलना कशाशी करणार?