पेटोस्की दगड शोधताना आणि घासताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या उत्तर भागात, लेक मिशिगन या सरोवराच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात अनेक मराठी कुटुंबं दगड वेचताना दिसतात. पेटोस्की दगड १९६५पासून या राज्याचा अधिकृत दगड आहे. तो हेक्सागोनारिया नावाच्या प्रवाळाच्या वसाहतीचा दगड झालेला तुकडा आहे. सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वी, डेव्होनियन काळात, इथे उबदार उथळ समुद्र होता आणि हा भूभाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. इतकं जुनं काही हाती येतं आणि घाईघाईत वाया जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

पहिली चूक म्हणजे कोरड्या वाळूत शोधणं. कोरडा पेटोस्की साध्या करड्या चुनखडीसारखा दिसतो, षटकोनांची नक्षी ओला झाल्यावर उठते. म्हणून पाण्याच्या कडेने चाला आणि शंका आली की दगड भिजवून पाहा. वसंतात बर्फ वितळल्यावर जा, तेव्हा बर्फाने किनाऱ्यावर नवे दगड लोटलेले असतात.

षटकोन दिसला की पेटोस्की, असं मानू नका. प्रत्येक षटकोन एका प्रवाळजीवाचं घर. त्याच्या मध्यभागी गडद ठिपका हवा आणि त्यापासून कडेपर्यंत बारीक रेषा गेलेल्या हव्यात. या रेषा म्हणजे घराच्या आतल्या उभ्या भिंती. षटकोन बारीक आणि आतून रिकामे, रेषा जवळपास नाहीतच, तर तो बहुधा फॅव्होसायटीस, म्हणजे स्थानिक लोकांचा शार्लव्हॉय दगड. तोही प्रवाळच, त्याच काळातला. पण वेगळ्या गटातला. फेकू नका, वेगळा ठेवा.

मुलांना सांगताना ‘आजच्या प्रवाळांचा पणजोबा’ म्हणणं मात्र चूक. हेक्सागोनारिया ज्या रुगोसा गटात मोडतो, तो सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी, पर्मियन काळाच्या शेवटी, समूळ नाहीसा झाला. आजचे खडक बांधणारे प्रवाळ त्यानंतर, ट्रायसिक काळात दिसू लागतात. शिवाय डेव्होनियन प्रवाळखडक एकट्या प्रवाळांनी उभारलेले नव्हते. स्ट्रोमॅटोपोरॉइड नावाच्या, स्पंजवर्गातल्या जिवांचा त्यात मोठा वाटा होता.

आता घासणं. सगळ्यात जास्त दगड इथेच बिघडतात. हा दगड कॅल्साइट या चुनखडीतल्या खनिजाचा, म्हणजे मोसच्या १ ते १० या मापावर काठिण्य अवघं ३. अॅगेटसारख्या कठीण दगडांबरोबर फिरत्या डब्यात, टम्बलरमध्ये, टाकलात तर तो झिजतो, ठेचकाळतो. हातानेच घासा. पाण्यात भिजवलेला २२० नंबरचा पॉलिश पेपर, मग ४००, मग ६००. प्रत्येक टप्प्यानंतर दगड नीट धुवा, वाळवून उजेडात धरा. ओरखडे दिसले तर पुढच्या नंबरवर जाऊ नका. खरखरीत पेपरचा ओरखडा बारीक पेपरने पुसला जात नाही, चकाकी आल्यावर तो उलट जास्त उठून दिसतो. शेवटी पॉलिश पावडर लावलेल्या ओल्या मखमलीवर घासा. कोरडं घासू नका, धूळ छातीत जाते.

चकाकी गेली, दगड पांढुरका पडला? बहुतेक वेळा कारण लिंबू, व्हिनेगर किंवा बाथरूम साफ करायचं आम्ल. कॅल्साइट आम्लात विरघळतं. ६०० नंबरपासून पुन्हा सुरुवात करा.

पिशवी भरण्याआधी नियम पाहा. राज्याच्या जमिनीवरून माणशी वर्षाला २५ पौंड, म्हणजे साधारण ११ किलो, एवढीच मुभा आहे. स्लीपिंग बेअर ड्यून्स या राष्ट्रीय किनाऱ्यावरून एकही दगड उचलता येत नाही.

दगडाबरोबर सापडल्याची जागा आणि तारीख लिहून ठेवा, पण ‘प्रवाळखडक इथेच होता’ असं लिहू नका. हिमनद्यांनी मूळ खडकातून हे तुकडे उपटले आणि दूरवर पसरवले. त्यामुळे चिठ्ठीवर ‘किनाऱ्यावर सुटा सापडला’ एवढंच लिहा.