झऱ्याच्या बोडीत मासे सोडताना

परसातल्या झऱ्यावर बोडी, म्हणजे छोटे तळे, करून त्यात ट्राउट पाळावेत असे वाटू शकते; पण ट्राउट हा थंड पाण्याचा मासा असल्याने, उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढणाऱ्या विदर्भात, झरा बारमाही असला तरी, कटला, रोहू आणि मृगळ यांचाच विचार करावा.

बीज (माशांची पिल्ले) सोडण्यापूर्वी मरळीसारखे शिकारी मासे काढावे लागतात. त्यासाठी गुंठाभर पसरलेल्या, मीटरभर खोल पाण्यात सुमारे २५ किलो मोहाची ढेप (तेल काढून उरलेली पेंड) टाकून, तिचा विषारी अंश ओसरेपर्यंत तीन आठवडे थांबावे. हीच ढेप पुढे खतासारखी कामी येते, म्हणून रासायनिक औषधापेक्षा ती केव्हाही बरी.

जमिनीतून निघणाऱ्या पाण्यात प्राणवायू बहुधा कमी असतो, म्हणून झऱ्याची धार हातभर उंचीवरून दगडांवर आपटून बोडीत पडेल अशी व्यवस्था करावी. पावसाळ्यात, सकाळच्या गारव्यात, बीजाची पिशवी पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगू द्यावी, मग तिच्यात बोडीचे पाणी थोडे थोडे मिसळून बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) स्वतःहून बाहेर पडू द्यावीत. गुंठ्याला पन्नासच पुरेत; स्वस्त मिळाली तरी जास्त सोडू नयेत.

खाद्य म्हणून धानाचा कोंडा आणि शेंगदाण्याची ढेप समप्रमाणात भिजवून रोज ठरलेल्या जागी द्यावी. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले, तर त्या दिवशी खाद्य बंद ठेवून ताजे पाणी वाढवावे.