रत्नागिरी पायी आणि एकट्याने: कुठे चढायचं, कुठून उतरायचं

रत्नागिरीत पहिल्यांदा आलेला माणूस मोबाइलवर नकाशा उघडतो, थिबा पॅलेसपासून मांडवीचा किनारा किती जवळ आहे ते बघतो आणि निघतो. परत येताना मात्र दर वळणावर थांबावं लागतं. कारण हे शहर दोन मजली आहे. वरच्या मजल्यावर सडा, म्हणजे कातळाचं पठार: मारुती मंदिर, थिबा पॅलेस, नवी वस्ती. खालच्या मजल्यावर मांडवी, राजिवडा, मिरकरवाडा, मुरुगवाडा. या दोहोंना जोडणारे उतार आणि त्या उतारांवरच्या आळ्या हीच खरी रत्नागिरी आहे, आणि ती गाडीतून दिसत नाही. म्हणून माझं पहिलं सांगणं असं, की रिक्षाने चढा आणि पायी उतरा. गुडघे शाबूत राहतात आणि समुद्र सतत डोळ्यांसमोर राहतो.

निघण्याआधी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने चालायला उत्तम. मे महिन्यात हापूस असतो, पण अकरा वाजले की कातळ तापतो आणि सावली शोधत फिरावं लागतं. पावसात शहर विलक्षण सुंदर दिसतं, मात्र तेव्हा पाखाड्या जपून उतराव्या लागतात. पाखाडी म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट. जांभा सच्छिद्र असतो, पाणी धरून ठेवतो आणि आषाढ-श्रावणात त्यावर हिरवंगार शेवाळ चढतं. एकदा मी अशाच एका पाखाडीवर कडेने उतरत होतो, छत्री एका हातात, पिशवी दुसऱ्या हातात, आणि सरळ चार पायऱ्या खाली गेलो. वरून एक आजी ओरडल्या, "मधून चाला हो, मधून!" तेव्हापासून लक्षात आहे. रोजच्या पावलांनी पायरीचा मधला भाग घासून किंचित खोलगट झालेला असतो, तिथे शेवाळ कमी असतं. कडेला कोणी पाय ठेवत नाही, म्हणून ती बुळबुळीत होते. एक हात मोकळा ठेवा, पाऊल जरा आडवं टाका आणि नक्षीदार तळव्याचे बूट घाला. गुळगुळीत तळव्याची चप्पल नको.

दुसरी तयारी समुद्राची. त्यासाठी कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशोब शिकून घ्या: तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चारचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, पहाटेही आणि दुपारीही. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, म्हणजे नऊच्या सुमारास. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच. वेळ थोडी मागेपुढे होते, पण दिवस आखायला एवढं पुरतं.

पहिला दिवस: सकाळी किल्ला

रेल्वे स्टेशन गावाबाहेर आहे, तिथून रिक्षा किंवा एसटीने शहरात या. मुक्काम एसटी स्टँडच्या आसपास केलात तर सगळं हाताशी राहतं. उजाडताच निघा. राम आळी, गोखले नाका अशी बाजारपेठ अजून बंद असते, फळ्या उघडण्याआधी जुन्या इमारतींचे वरचे मजले निवांत बघता येतात. टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मघर आहे. 23 जुलै 1856 ला ते इथे जन्मले. कौलारू, साधंच घर आहे, पण घाईने बघू नका. पतित पावन मंदिरही आवर्जून बघा. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असताना, 1931 मध्ये, सर्व जातींच्या हिंदूंना खुलं असलेलं हे मंदिर उभं राहिलं आणि त्याचा खर्च भागोजीशेठ कीर यांनी उचलला.

तिथून मांडवीवर उतरा. इथली वाळू काळसर आहे. पलीकडे, मुरुगवाड्याच्या बाजूला, पांढरी वाळू, म्हणून तो पांढरा समुद्र. दोन्हींच्या मधे रत्नदुर्ग समुद्रात घुसला आहे, घोड्याच्या नालेच्या आकाराचा, तीन बाजूंनी पाणी. चढायचा नियम इथे मोडा आणि किल्ला पायीच चढा, कारण सकाळी ऊन पाठीवर असतं आणि वाट फार लांब नाही. बालेकिल्ल्यावर भगवतीचं मंदिर आहे. तटावरून उत्तरेला मिरकरवाडा बंदर दिसतं, होड्यांची दाटी, वर घिरट्या घालणारे पक्षी. समोरच्या टेकाडावर दीपगृह. तटाच्या कडेला कठडा नाही अशा जागी एकट्या माणसाने फोटोसाठी मागे मागे सरकू नये. हे मी कळकळीने सांगतो, कारण हाक मारायला तिथे कोणी नसतं.

उतरताना मिरकरवाड्यात डोकावा. मासळी उतरत असेल तर बाजूला उभं राहून बघा, टोपल्या घेऊन जाणाऱ्यांची वाट अडवू नका आणि फोटो काढण्याआधी विचारा. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा बंदर शांत असतं.

बारा ते तीन चालू नका. जेवा, सोलकढी प्या, आडवे व्हा.

दुपारनंतर थिबा

तीनच्या पुढे रिक्षाने थिबा पॅलेसवर जा. ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाला, थिबाला, इंग्रजांनी 1885 मध्ये पदच्युत केलं आणि पुढच्या वर्षी इथे आणून ठेवलं. हा राजवाडा बांधून झाला 1910 मध्ये, आणि 1916 मध्ये थिबा वारला. म्हणजे तीस वर्षांच्या बंदिवासातली जेमतेम सहा वर्षं त्याला या वाड्यात मिळाली. त्याची समाधीही याच गावात आहे. आतलं संग्रहालय सोमवारी बंद असतं, तो वार टाळा.

तिथून थिबा पॉइंट गाठा. खाली काजळी नदी, भाट्याचा पूल, राजिवड्याची घरं आणि पुढे खुला समुद्र. एकटं असण्याचा फायदा इथे कळतो: सूर्य बुडाल्यावरही कोणी "चला आता" म्हणत नाही. पण अंधारात अनोळखी पाखाडीने खाली जाऊ नका. मोठ्या रस्त्याने किंवा रिक्षाने या.

वाट विचारताना

आळ्यांमध्ये नकाशापेक्षा माणसं बरी. एकटं कोणी दिसलं की पहिला प्रश्न येतो, "कोणाकडे आलात?" त्यात संशय नसतो, चौकशी असते. गाव बघायला आलोय असं सरळ सांगा. पुष्कळदा जवळची वाट सांगणारा माणूस चार पावलं सोबत येतो आणि कुठल्या गडग्यापाशी, म्हणजे दगडी कुंपणापाशी, वळायचं ते दाखवून परत फिरतो. कोणाच्या आगरातून, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेतून, जाणारी वाट असेल तर हाक देऊन जा.

दुसरा दिवस: भाट्ये

हा दिवस ओहोटीच्या वेळेवर बेतायचा. भाट्याच्या पुलावरून पायी जा, नदी समुद्राला मिळते ती जागा पुलावरून छान दिसते. पलीकडे लांब, सपाट किनारा आणि कडेला सुरूचं बन. ओहोटीत ओली वाळू घट्ट असते, चालायला सोपी. नदीच्या मुखापाशी पाण्यात उतरू नका, तिथे ओढ असते. किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला झरी विनायकाचं देऊळ आहे. तिथपर्यंत पोचलात की पाणी प्या, थोडं टेका, आणि भरती वर सरकू लागली असेल तर वाळूतून परतण्याचा हट्ट सोडा. वरच्या रस्त्यावर या. तो पावसचा रस्ता आहे, तिकडून शहराकडे येणारी एसटी मिळते.