मायलेज देणाऱ्या गाडीचे टायर बदलताना या चुका टाळा

कमी इंधनात जास्त अंतर कापणाऱ्या गाडीला नवे टायर बसवले की अनेकदा मायलेज घसरल्याचे दिसते आणि दोष थेट टायरवर जातो. तो नेहमीच खरा नसतो. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते, ती १.६ मिलिमीटरपर्यंत झिजली, की टायरचा व्यास सुमारे १३ मिलिमीटरने, म्हणजे छोट्या गाडीच्या चाकात जवळजवळ २ टक्क्यांनी, कमी झालेला असतो. लहान झालेले चाक तेवढ्याच अंतरात जास्त फेरे घेते आणि ओडोमीटर फेऱ्यांवरूनच अंतर काढत असल्यामुळे जास्त किलोमीटर दाखवतो. नवे टायर बसताच हा फुगलेला आकडा नाहीसा होतो. शिवाय झिजलेल्या टायरमध्ये दबून तापणारे रबर कमी उरलेले असल्याने तो खरोखरच हलका फिरतो. म्हणून नव्या टायरची तुलना गुळगुळीत झालेल्या टायरशी करणे, ही मला सर्वांत फसवी चूक वाटते.

दुसरी चूक मापाची. मूळ माप १८५/६५ आर १५ (म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर, कडेची उंची रुंदीच्या ६५ टक्के आणि रिम १५ इंची) असताना, दिसायला भरदार म्हणून १९५/६५ आर १५ बसवला, तर व्यास ६२१.५ वरून ६३४.५ मिलिमीटर होतो आणि प्रत्यक्ष १०० किलोमीटर धावूनही मीटर सुमारे ९८ दाखवतो. रुंद टायर बहुधा वजनाने जड असतो व वाऱ्यालाही जास्त अडतो, त्यामुळे खरा तोटा आणि मीटरचा भास एकमेकांत मिसळून जातात. मापापुढचा ८८ एच यांसारखा संकेतही वाचावा : ८८ म्हणजे एका टायरची भारक्षमता ५६० किलो आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरची वेगमर्यादा. गाडीसाठी सांगितलेल्या भारक्षमतेपेक्षा कमी आकडा कधीही स्वीकारू नये.

केवळ कमी रोलिंग रेझिस्टन्स (फिरताना टायरला होणारा विरोध) पाहून टायर निवडणेही धोक्याचे आहे. फिरताना रबर दबते, पूर्ववत होते आणि त्यात काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. हे नुकसान कमी करताना पूर्वी ओल्या रस्त्यावरची पकड गमवावी लागे. मिशलिनने १९९२ मध्ये रबरात सिलिका ही भुकटी मिसळलेला टायर आणल्यापासून ही ओढाताण बरीच सैल झाली, पण संपली नाही. युरोपीय संघाच्या लेबलवर म्हणूनच दोन्ही गुणांना ए (सर्वांत चांगली) ते ई अशा स्वतंत्र श्रेणी दिलेल्या असतात. निवड करावीच लागली, तर इंधनाची एक श्रेणी सोडावी, ओल्या रस्त्यावरच्या पकडीची सोडू नये. ब्रेक लागण्याचे अंतर तिच्यावर अवलंबून असते.

बसवून झाल्यावर हवेचा दाब टायरच्या कडेवरील आकड्याइतका ठेवू नये, कारण ती कमाल मर्यादा असते. योग्य दाब बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराजवळील स्टिकरवर असतो आणि तो टायर थंड असतानाच तपासावा. दोनच टायर बदलायचे असतील, तर नवे मागच्या चाकांना बसवावेत. उत्पादनाची तारीखही पाहावी : कडेवरचे २३२४ हे चार अंक २०२४ चा तेविसावा आठवडा सांगतात.

तरीही मायलेज कमीच वाटले, तर आधी व्हील अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा व कोन, तपासून घ्यावे. मग टाकी काठोकाठ भरून, मोबाईलच्या जीपीएसवर मोजलेल्या अंतराशी ओडोमीटरचे अंतर ताडून, पुन्हा टाकी भरताना लागलेल्या इंधनाचा हिशेब करावा.